गल्लीतला शेवटचा माग

मे महिना होता, लग्नसराई संपत आलेली, आणि रात्री दीड-पावणेदोनला आमच्या भागातली लाईट गेली. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्याला लाईट जाणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. पंखा थांबलेला नंतर कळतो, आधी कळतात ते थांबलेले माग. आमच्या घराच्या दोन्ही अंगाला कारखाने, रात्रपाळी चालू, ती खटाखट इतकी अंगात मुरलेली की ती आहे हे ती बंद पडल्यावरच जाणवतं. तर सगळं एकदम गप्प झालं आणि मला वाटलं, कुणाचा तरी एक माग चालूच राहिलाय. खटखट नव्हती, पण मोटरची कशी बारीक शिट्टी येते तशी ईईईई, एकसुरी, न थांबणारी. म्हटलं कुणी तरी जनरेटर घेतला वाटतं.

गच्चीवर गेलो. मी साउंडवाला माणूस आहे, डोळे मिटून मान जराशी फिरवली की आवाज कुठनं येतोय हे सांगू शकतो, सेटअप लावताना रोजचंच काम आहे ते. अशोक चौकाकडे तोंड केलं, मग कन्ना चौकाकडे, मग पाठ फिरवली. आवाज जिथल्या तिथं. मान फिरेल तसा तोही माझ्याबरोबर फिरत होता. मग मी दोन्ही कानात बोटं घातली आणि तो वाढला. त्या एका क्षणात पोटात जो गोळा आला तो मला अजून आठवतो. गल्लीतले सगळे माग बंद होते, चालू होता तो माझ्या डोक्यात.

मी सोळा वर्षं या धंद्यात आहे. सुरुवात बँजो पार्टीत ऑक्टापॅडवर केली, मग ऑर्केस्ट्रात की-बोर्ड, मग एका डीजेवाल्याकडे वायरी गुंडाळायला लागलो आणि तिथंच ऑपरेटर झालो, पुढे कर्ज काढून स्वतःचा सेटअप केला. चार बेस (खालच्या सुरांचे बॉक्स), चार टॉप (वरच्या सुरांचे), अ‍ॅम्प, मिक्सर, टेम्पो. वरात, हळद, गणपती, जयंत्या, जिथली सुपारी येईल तिथं. बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर, सगळं फिरून झालंय. हे काम मला आवडतं हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा आता डीजेच्या विरोधात बोलायला लागला. नाही. बेस बरोबर जागी बसला आणि समोरच्या हजार माणसांचा पाय एकाच वेळी पडला की जे वाटतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

पण कानाचं कुणी सांगितलंच नव्हतं. वरात संपवून पहाटे घरी आलं की कानात दडे बसलेले असायचे. बायको बोलायची ते विहिरीच्या तळातनं आल्यासारखं वाटायचं. झोपून उठलं की मोकळं. आम्ही पोरं उलट त्यावरनंच माप काढायचो, दडे बसले म्हणजे काल सेटअप कडक वाजला. आता कळतंय की ते दडे म्हणजे कानाने टाकलेली हाक होती. कान सकाळी मोकळा होतो म्हणजे तो पूर्ण बरा झाला असंही नाही. २००९ साली उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की मोठ्या आवाजानंतर त्यांचं ऐकणं काही दिवसात पहिल्यासारखं झालं, तपासणीत सगळं ठीक आलं, पण आत ऐकणाऱ्या पेशी आणि नस यांच्यातले सांधे काही भागात निम्म्यापर्यंत कायमचे तुटलेले होते. म्हणजे वरनं रस्ता तोच आणि खालचा पूल गेलेला.

त्या रात्रीनंतर आठ-पंधरा दिवस मी कुणाला काही बोललो नाही. आईला चेहऱ्यावरनं कळलं, तिने लसूण घालून तेल कोमट केलं, मी नको म्हटलं (नंतर डॉक्टरही म्हणाले, कानात तेल-बिल काही घालू नका). मग कुणी म्हटलं शांत ठिकाणी जाऊन ये, कानाला विश्रांती मिळेल, म्हणून एका सकाळी गाडी काढून नान्नजला गेलो, माळढोक अभयारण्याकडे. माळ, पिवळं गवत, लांबवर कुणी नाही. आणि तिथं तो आवाज शहरापेक्षा दुप्पट झाला. त्याला झाकायला काहीच नव्हतं ना. एक चंडोल वर आभाळात तारस्वरात ओरडत होता, त्याचा सूर माझ्या शिट्टीत मिसळून जायचा आणि मला कळेना की आता पक्षी गातोय की मी ऐकतोय. मी गाडीवर बसून रडलो. लिहायला लाज वाटत नाही, कारण ज्याला हे झालंय तो समजून घेईल.

शेवटी तपासणी केली. ज्यांनी कधी केली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, घाबरण्यासारखं काही नसतं. एक छोटी केबिन, आतनं फोम लावलेली, आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीसारखीच. हेडफोन घालतात, हातात बटण देतात, बारीक सूर ऐकू आला की दाबायचं. २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत, आकडा मोठा तितका सूर वरचा. माझा आलेखाचा कागद आला तो डावीकडनं बरा चाललेला आणि ४००० वर सरळ खड्डा, मग पुन्हा थोडा वर. ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी कागद बघूनच विचारलं, काम काय करता? मोठ्या आवाजाने खराब झालेला कान असाच खड्डा दाखवतो म्हणे, कारण कानाच्या नळीची लांबीच अशी असते की ३००० च्या आसपासचे सूर ती आपोआप वाढवते आणि मार त्याच्या जरा वरच्या जागी बसतो. स, श, फ, च, ट ही सगळी अक्षरं वरच्याच पट्टीतली. बायको 'सात' म्हणाली की 'हात' हे मला गर्दीत का कळत नव्हतं, याचं उत्तर त्या खड्ड्यात होतं.

आत काय होतं तेही त्यांनी सांगितलं. कानाच्या आत शंखासारखी एक गुंडाळी असते, जेमतेम अडीच वेढ्यांची, आणि तिच्यात केसासारखे तुरे असलेल्या पेशी, एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. जन्माला येताना घेऊन आलो तेवढ्याच. मला लगेच वडिलांचा, आप्पांचा माग आठवला. ताण्यातला एक धागा तुटला तर आप्पा माग थांबवायचे, टोकं शोधायचे, चिमटीत धरून गाठ मारायचे आणि कापड पुढं चालू. या धाग्यांना गाठ मारता येत नाही. पक्ष्यांना येते म्हणे! १९८८ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांत आणि लाव्यांत असं सापडलं की आवाजाने किंवा औषधाने मेलेल्या या पेशी त्यांच्यात पुन्हा उगवतात. नान्नजच्या त्या चंडोलाला जे येतं ते आपल्याला येत नाही.

आणि शिट्टी का वाजते? याला नीट समजेल असं उत्तर मला माझ्याच धंद्यात मिळालं. मिक्सरवर एखाद्या चॅनलला सिग्नल कमी येत असला की आपण काय करतो, गेन वाढवतो, म्हणजे आत येणारा सिग्नलच मोठा करतो. जास्त वाढवला की आत काहीच वाजत नसताना हिस्स सुरू होतो. मेंदू तेच करतो असं आज बरेच शास्त्रज्ञ मानतात. ४००० च्या बाजूचे धागे गेले, तिकडनं काही येईना, म्हणून मेंदू तो गेन वर वर नेत राहतो आणि स्वतःचाच हिस्स ऐकत बसतो. मी एक दिवस लॅपटॉपवर टोन जनरेटर लावून माझी शिट्टी जुळवली, जवळपास ५५०० ला बसली, खड्ड्याच्या काठावर. कानात असा आवाज येण्याला कर्णनाद हा शब्द आपल्याकडे आयुर्वेदात आहेच. युरोपात बीथोव्हेनने १८०१ साली मित्राला पत्रात लिहिलं होतं की माझे कान रात्रंदिवस गुणगुणतात. स्मेटाना नावाच्या चेक संगीतकाराने तर १८७६ च्या आपल्या रचनेत शेवटी व्हायोलिनला एक लांबच लांब उंच सूर देऊन ठेवलाय, तो त्याच्या कानातला सूर. त्या दोघांची कारणं वेगळी, तेव्हा स्पीकर नव्हते. पण तो तुकडा मी हेडफोनवर हळू आवाजात ऐकला आणि तो सूर आला तेव्हा अंगावर काटा आला. कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी हे ऐकलं होतं आणि इतरांना ऐकवण्याचा मार्ग शोधला होता.

आता मला जे खरंच सांगायचंय ते. कान गेल्याचं दुःख आहेच, पण खरा धक्का बसला तो त्या कागदाकडे ऑपरेटर म्हणून बघितल्यावर. ४००० ला मला कमी ऐकू येतंय, म्हणजे गेली कित्येक वर्षं मी मिक्सिंग करताना काय करत होतो? टॉप वाढवत होतो. मला गाणं बोथट वाटायचं, मी वर ढकलायचो. आणि पाच तासांच्या मिरवणुकीत जसजसे दडे बसत जातात तसतसं तासातासाला आणखी बोथट वाटतं आणि हात आपोआप पुन्हा वर जातो. रात्री दहाला मी जो आवाज 'बरोबर' म्हणत होतो तो समोरच्या, आत्ताच घरातनं बाहेर आलेल्या बाईच्या कानात सुरीसारखा जात असणार. कडेवरच्या पोराच्या कानात जात असणार. एका ऑपरेटरचा कान बिघडला की तो सगळ्या गल्लीचा कान बिघडवतो आणि त्याला ते कळतसुद्धा नाही, कारण ज्याने कळायचं तेच गेलेलं असतं.

म्हणून मी पोरांना म्हणतो, कान हा आपला सगळ्यात महागडा माईक आहे. बेस बिनचा कोन फाटला तर आपण त्याच दिवशी बदलतो, अ‍ॅम्पला फॅन लावतो, पावसात प्लास्टिक टाकतो, आणि कान मात्र तसाच उघडा ठेवतो.

थोडे आकडे देतो, कारण 'जास्त आवाज वाईट' एवढं म्हणून कुणाला काही पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा आहे ८५ डेसिबल, आठ तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. आपल्याला ३ डेसिबल म्हणजे फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) किंचित सरकवल्यासारखं वाटतं, पण ऊर्जा दुप्पट झालेली असते. मी मीटर घेऊन आमच्याच टेम्पोवर माझ्या उभं राहायच्या जागी धरला तर काटा १०९ च्या आसपास. म्हणजे हिशेबाने दोन मिनिटंसुद्धा नाहीत, आणि आम्ही तिथं पाच-सहा तास. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जे निकष काढले त्यात पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, लोकांना इअरप्लग मिळावेत आणि शांत बसायला एक कोपरा असावा असं म्हटलंय. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री ४५ सांगतात, पण ते वस्तीसाठी आहेत. कारखान्यात ९० डेसिबल आठ तास अशी मर्यादा असते, आवाजाने आलेला बहिरेपणा कामगारांच्या कायद्यात कळवण्याजोगा आजार म्हणून नोंदलेला आहे. टेम्पोवर बॉक्सला टेकून उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या पोराचं मात्र हजेरीपत्रकसुद्धा नसतं. हलगीवाल्याचं नसतं, ताशावाल्याचं नसतं (आणि ताशा काही कमी नाही, कानाच्या शेजारी तो टॉपपेक्षा बोचतो).

आप्पांचं सांगायचं राहिलं. आप्पा एकतीस वर्षं मागावर होते, टॉवेल आणि चादर. आमच्या घरात सगळे मोठ्याने बोलतात, पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय. कारखान्यात माणसं एकमेकांशी ओठांनी आणि हातांनीच बोलतात, आप्पांना ती सवय आयुष्यभर राहिली. समोर तोंड असलं की सगळं कळतं, पाठ फिरवली की काही नाही. टीव्हीचा आवाज पूर्ण. आम्ही त्याला वय म्हणत आलो. माझी तपासणी झाल्यावर मी त्यांना जबरदस्तीने नेलं, ते म्हणत होते, "मला काय धाड भरलीय?"

केबिनच्या काचेतनं मी बघत होतो. आप्पांच्या हातात बटण, आणि ते दाबतच होते. सूर वाजला तरी दाबायचे, मॅडमनी काहीच वाजवलं नाही तरी दाबायचे. मला वाटलं त्यांना समजलं नाही, मी आत जाऊन सांगू का विचारलं. मॅडमनी हाताने थांब म्हटलं, काहीतरी सेटिंग बदललं आणि सलग सुराच्या जागी तुटक सूर सोडायला सुरुवात केली, टिक टिक टिक असा. आप्पांचा अंगठा थांबला. आता फक्त खरं वाजेल तेव्हाच दाबत होते. बाहेर आल्यावर मॅडमनी त्यांच्यासमोर तोंड आणून हळू विचारलं, "बाबा, कानात सारखा आवाज येतो का?"

आप्पा म्हणाले, "येतो की. माग हाय त्यो."

"किती वर्षं झाली?"

"कारखाना सोडायच्या आधीपासनं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला न्हाई येत व्हय? मला वाटलं सगळ्यांनाच येतंय की."

वीस-बावीस वर्षं. त्या माणसाने वीस-बावीस वर्षं हा आवाज ऐकला आणि कुणाला विचारलं नाही, कारण शेजारच्या मागावरच्या माणसालाही तोच येत होता, त्याच्या शेजारच्यालाही. रिक्षातनं घरी येताना मी त्यांचा हात धरून बसलो होतो, एवढंच सुचलं.

याला गोळी नाही. असती तर सांगितली असती. कुणी इंटरनेटवर शंभर टक्के गॅरंटी देत असेल तर पैसे वाचवा. जे उपयोगी पडतं ते साधं आहे, रात्री खोलीत अगदी शांतता ठेवायची नाही, पंखा किंवा हळू आवाजात रेडिओ, शिट्टी पूर्ण झाकेल एवढा मोठा नको, तिच्या बरोबरीला किंवा जरा खाली. ऐकणं कमी झालं असेल तर कानाच्या मशीनने बऱ्याच जणांची शिट्टीही मागं पडते, आप्पांची बरीच पडली. मनातली भीती कमी करायला समुपदेशनाचा उपयोग होतो, मला झाला. मेंदूला एकदा पटलं की हा आवाज धोक्याचा नाही की तो लक्ष काढून घेतो, तासन्‌तास आठवण येत नाही. पण एकाच कानात आवाज येत असेल, नाडीबरोबर धडधडत असेल, किंवा एखाद्या रात्रीनंतर अचानक ऐकायला कमी झालं असेल तर थांबू नका, त्याच किंवा दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा, तिथं उशीर महाग पडतो.

आणि प्लग घाला. कापसाचा बोळा चालत नाही, तो मनाचं समाधान आहे. फोमचे प्लग चहा-भज्याच्या पैशात मिळतात, पण ते वरचे सूर जास्त कापतात, गाणं गोधडीखाली गेल्यासारखं वाटतं, म्हणून वायरीवाल्या पोरांना ते ठीक आणि ऑपरेटरला नको वाटतात. संगीतवाल्यांसाठी वेगळे येतात, आत बारीक फिल्टर असतो, सगळ्या पट्ट्यांतनं जवळपास सारखाच आवाज कमी करतात, १५ डेसिबलच्या आसपास. म्हणजे फेडर खाली घेतल्यासारखं, गाणं तेच. पहिले चार कार्यक्रम मला विचित्र वाटलं, पाचव्याला मी टॉप ३ डेसिबलने खाली आणले आणि मंडळातलं कुणी काही बोललं नाही. उलट एक आजी दारात खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसून होत्या. ऑपरेटरची जागाही मी बदलली, आता बॉक्सच्या शेजारी न थांबता मागं जातो, टॉपचा मारा समोर असतो, मागं बराच कमी पडतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं तर साधारण ६ डेसिबल जातात, दोन पावलांचे चार झाले तरी तेवढा फरक.

गेल्या गणपतीला एक नवीन पोरगा आला, बारावी झालेला. प्लग म्हटल्यावर हसला, म्हणाला "दादा, मग डीजेत मजा काय राह्यली बे." मी त्याला टेम्पोच्या फळीवर बसवला. फोमचा प्लग दोन बोटांत वळून बारीक विडीएवढा केला, डोक्यावरनं दुसरा हात नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढला, प्लग आत सरकवला आणि बोटाने धरून ठेवला, तीस मोजेपर्यंत, तो आत फुगायला वेळ लागतो. हे धरून ठेवणं कुणी करत नाही म्हणून तो निसटतो आणि मग म्हणतात प्लगचा उपयोग होत नाही. दुसराही तसाच घातला. मग सेटअप चालू केला. पहिलं गाणं अर्धं झाल्यावर तो माझ्याजवळ आला आणि ओरडून म्हणाला, "दादा, शब्द ऐकू यायलेत की!" येणारच. इतक्या मोठ्या आवाजात कान स्वतःच फाटल्यासारखा वाजतो, जरा खाली आणलं की अक्षरं सुटी होतात.

परवा पुन्हा रात्री लाईट गेली. माग थांबले. मी गच्चीवर गेलो तर आप्पा आधीच येऊन बसले होते, मशीन काढून खिशात ठेवलेली. अंधारात त्यांच्याशी बोलता येत नाही, ओठ दिसत नाहीत. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि स्वतःच्या तोंडावर धरला.

"आप्पा, माग काय म्हणतोय?"

"चालूय." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "तुझा?"

मी टॉर्च तसाच धरून म्हटलं, "चालूय."

त्यांनी सरकून शेजारी जागा करून दिली.